कॅम्पेनची माहिती प्लेयर्सना कशी द्यायची (आणि गुपितं फुटू न देता)

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात तो खेळ, ऑनलाइन खेळणाऱ्या ग्रुपमध्ये हे हमखास होतं बघा. कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) सुरू व्हायच्या आधी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर, जगाचा इतिहास, देवांची यादी, राजघराण्याची वंशावळ, सगळं एका लांबलचक डॉक्युमेंटमध्ये लिहून ग्रुपवर टाकतो आणि पहिल्या सेशनला कळतं की कोणी ते उघडलंसुद्धा नाही. मग तो वैतागतो, पुढे काहीच लिहून देत नाही, सगळं तोंडी सांगत बसतो, आणि चार सेशन झाली की प्लेयर विचारतात "तो दाढीवाला व्यापारी कोण होता रे, आणि आपण त्याला काय प्रॉमिस केलेलं?"

दोष प्लेयर्सचा नसतो हो. माहिती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या साइजमध्ये येते एवढंच. हे खेळ ऑनलाइन खेळायची सॉफ्टवेअर बघा, रोल ट्वेंटी घ्या, फाउंड्री घ्या, फँटसी ग्राउंड्स घ्या, प्रत्येकात माहिती शेअर करायची चांगली सोय आहे, पण ती सोय तेव्हाच कामाला येते जेव्हा तुमच्या नोट्स आधीपासून दोन भागात लिहिलेल्या असतात, एक प्लेयर्सचा आणि एक तुमचा. हे सेशन चालू असताना करायला गेलात की गडबड होणारच, कारण समोर पाच जण वाट बघतायत आणि तुम्ही परिच्छेदातून "हा खरा गुन्हेगार आहे" हे वाक्य शोधून डिलीट करताय.

आधी नोट्स फोडा

समजा एका बंदरावरच्या गावाची नोट आहे. बहुतेक जण ती सलग लिहितात: गाव कुठे आहे, तिथे दीपस्तंभ आहे, त्याचा रखवालदार म्हातारा आहे आणि तोच रात्री चुकीचा दिवा लावून जहाजं बुडवतो. वाचायला छान, पण शेअर करायला पूर्णपणे निरुपयोगी. त्यापेक्षा वरच्या भागात फक्त तेवढंच लिहा जे गावात पाऊल टाकणाऱ्या कोणालाही दिसेल किंवा ऐकू येईल, म्हणजे दीपस्तंभ, म्हातारा रखवालदार, यंदा बुडालेल्या जहाजांबद्दल गावकऱ्यांची कुजबुज. आणि खाली, वेगळ्या बॉक्समध्ये, खरं काय चाललंय ते. वरचा भाग असा लिहायचा की कॉपी करून जसाच्या तसा देता आला पाहिजे, एक शब्दही न बदलता.

खरं तर तीन ढीग होतात. एक, जे सगळ्यांना माहीत आहे. दोन, जे एखाद्याच कॅरेक्टरला माहीत आहे, म्हणजे चोराला चोरांच्या खुणा कळतात, पुजाऱ्याला जुन्या पंथाचं चिन्ह ओळखता येतं. तीन, जे अजून कोणालाच माहीत नाही. मधला ढीग बरेच जीएम विसरतात आणि खरी मजा तर त्यातच आहे, त्याबद्दल खाली बोलतो.

दाखवणं वेगळं, देणं वेगळं

हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं. दाखवणं म्हणजे आत्ता, या क्षणी, सगळ्यांच्या स्क्रीनवर एक चित्र किंवा चिठ्ठी उघडली, बघून झाली, बंद केली. देणं म्हणजे ती गोष्ट त्यांच्या जर्नलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या नोंदवहीत) कायमची गेली, ते कधीही उघडून वाचू शकतात. राक्षसाचं चित्र दाखवायचं. त्याच्या गुहेत सापडलेलं पत्र द्यायचं, कारण त्या पत्रातली ओळ त्यांना दोन महिन्यांनी लागणार आहे आणि तेव्हा कोणाला आठवणार नाही. सगळंच दिलं की जर्नल म्हणजे अडगळीची खोली होते, आणि सगळं फक्त दाखवलं तर तेच तेच प्रश्न परत येत राहतात.

रोल ट्वेंटीत, जे २०१२ पासून ब्राउझरमध्ये चालतंय आणि बऱ्याच ग्रुपचं पहिलं सॉफ्टवेअर असतं, जर्नल टॅबमध्ये जाऊन नवीन हँडआउट, म्हणजे प्लेयर्सना द्यायचं पान, बनवायचं. एडिट केलं की दोन मजकुराच्या जागा दिसतात, एक वर्णनाची आणि एक जीएम नोट्सची. जीएम नोट्स प्लेयर्सना कधीच दिसत नाहीत, मग हँडआउट त्यांच्यासोबत शेअर केलेलं असलं तरी. म्हणजे वर सांगितलेलं दोन भागात लिहिणं इथे आयतंच आहे, वापरा फक्त. मग "इन प्लेयर्स जर्नल्स" नावाची जागा असते, तिथे ऑल प्लेयर्स किंवा एकेकाचं नाव निवडायचं, त्यांनाच ते दिसतं. त्याच्याच शेजारी "कॅन बी एडिटेड बाय" आहे, तिथे नाव टाकलं तर तो माणूस बदलूही शकतो, घाईत या दोन्हीत गल्लत होते तेव्हा सेव्ह करण्याआधी एकदा बघा. हँडआउटला चित्र लावलं असेल तर शो टू प्लेयर्सचं बटण दाबून ते सगळ्यांसमोर उघडता येतं, दाखवण्याचं काम ते. आणि एका हँडआउटमध्ये दुसऱ्याचं नाव चौकटी कंसात लिहिलं की त्याची लिंक होते, त्यामुळे "गावातली माणसं" असं एकच पान बनवून त्यातून सगळीकडे जाता येतं.

फाउंड्री मे २०२० मध्ये आलं आणि त्यात या बाबतीत कंट्रोल जास्त आहे, म्हणून गोंधळही जास्त. जर्नल एन्ट्रीवर राइट क्लिक करून ओनरशिप सेट करायची, त्यात चार पायऱ्या आहेत: नन, लिमिटेड, ऑब्झर्व्हर, ओनर. प्लेयरने नुसतं वाचावं असं वाटत असेल तर ऑब्झर्व्हर द्या, बास. ओनर देऊ नका, आणि हे मी जोर देऊन सांगतोय कारण फाउंड्रीच्या एडिटरमध्ये सीक्रेट ब्लॉक नावाची एक फार भारी सोय आहे, मजकूर सिलेक्ट करायचा, फॉरमॅटमधून सीक्रेट निवडायचं, तो तुकडा प्लेयर्सपासून लपतो, पण ओनर असलेल्याला मात्र तो दिसतो. एखादा म्हणतो "मला त्या पानावर नोट्स लिहायच्यात, एडिट दे ना", तुम्ही ओनर देता आणि रखवालदाराचं सगळं भांडं फुटतं. त्याला लिहायला वेगळं पान द्या.

सीक्रेट ब्लॉकची मजा अशी की नवीन व्हर्जन्समध्ये प्रत्येक ब्लॉकला रिव्हीलचं बटण असतं. म्हणजे गावाचं एकच पान, त्यात तीन चार सीक्रेट, पार्टीने (प्लेयर्सच्या पात्रांच्या टोळीने) एखादी गोष्ट शोधून काढली की तेवढा ब्लॉक उघडायचा. प्लेयर्सना त्याच ओळखीच्या पानात नवीन परिच्छेद दिसतो. नवीन हँडआउट नाही, शोधाशोध नाही. मला तर हे फाउंड्री घ्यायचं निम्मं कारण वाटतं, लाइटिंग वगैरे नंतर.

व्हर्जन १० पासून एका जर्नलमध्ये अनेक पानं येतात आणि प्रत्येक पानाची ओनरशिप वेगळी ठेवता येते, त्यामुळे एका शहराचं एकच जर्नल करून बाजार, राजवाडा, गुप्त भुयार अशी पानं पाडायची आणि जसजसे ते फिरतील तसतशी एकेक पान उघडायची. भुयाराचं पान नन वर ठेवायचं. जर्नल ओढून मॅपवर टाकलं की पिन बनते, ज्याला वाचायची परवानगी आहे तो पिनवर क्लिक करून वाचतो, प्रवासाच्या मोठ्या मॅपला हे एकदम मस्त.

फँटसी ग्राउंड्स या सगळ्यात जुनं, २००४ चं. दिसायला जरा अवघड पण एक गोष्ट त्यांनी फार आधी बरोबर केली: एनपीसी (जीएम चालवतो ती पात्रं) आणि वस्तूंना दोन नावं देता येतात, खरं नाव आणि न ओळखलेल्या अवस्थेतलं नाव. "बुरखाधारी माणूस" असं प्लेयर्सना दिसतं, तुम्हाला प्रधानजी दिसतात, आणि ओळख पटली की एका क्लिकवर नाव बदलतं. एखादं पान शेअर करायचं तर राइट क्लिक करून येणाऱ्या गोल मेनूतून शेअर शीट. ओलबेअर रोडिओ हे आणखी एक सॉफ्टवेअर मॅप, टोकन (मॅपवरच्या सोंगट्या) आणि फॉग (मॅपचा न बघितलेला भाग झाकणारं आवरण) एवढ्यापुरतं सुंदर आहे, पण नोट्ससाठी तुम्हाला बाहेरचं काहीतरी लागेलच.

एकालाच माहिती द्यायची असेल तर

आता तो मधला ढीग. ज्याला काहीतरी माहीत आहे त्याला ते द्या आणि पुढे काय करायचं हे त्याच्यावर सोडा. तो बाकीच्यांना सांगेल, अर्धं सांगेल, खोटं सांगेल, काहीही होऊ शकतं आणि तिथे खरा रोलप्ले सुरू होतो. तुम्ही सगळ्यांसमोर "तुझ्या कॅरेक्टरला माहीत आहे की..." म्हणून वाचून दाखवलं की ते सगळ्यांचंच झालं, मग त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

छोटी गोष्ट असेल तर चॅटमध्ये व्हिस्पर करा, म्हणजे फक्त त्यालाच दिसेल असा मेसेज, रोल ट्वेंटी आणि फाउंड्री दोन्हीकडे स्लॅश, मग डब्ल्यू, मग प्लेयरचं नाव आणि मेसेज. मोठी असेल तर हँडआउट फक्त त्याच्या नावावर. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, कधीतरी बाकीच्यांनाही काहीतरी फालतू व्हिस्पर करत जा. नाहीतर एकालाच मेसेज गेला आणि तो एकदम गप्प झाला की बाकी चौघांना लगेच कळतं काहीतरी शिजतंय. आणि एकाच प्लेयरला दर वेळी गुपितं देऊ नका, बाकीचे बाजूला पडतात.

पार्टी वेगळी झाली असेल तर रोल ट्वेंटीत पेज टूलबारमधून एखाद्या प्लेयरला ओढून दुसऱ्या पेजवर नेता येतं, म्हणजे तो तळघराचा मॅप बघतो आणि बाकीचे अजून वाड्यातच. पण मॅप वेगळे झाले तरी आवाज सगळ्यांना ऐकू येतोच, तेव्हा खरोखरचं गुपित असेल तर व्हॉइस चॅनेलही वेगळं करा.

गुपितं कुठून गळतात

परमिशन बरोबर लावूनही माहिती बाहेर जाते, आणि बहुतेक वेळा नावातून जाते. टोकनचं नाव "वेषांतर केलेला व्हॅम्पायर" असं ठेवून ते प्लेयर्सना दिसेल असं सेट केलेलं असतं. फाउंड्रीत कॅरेक्टरचं नाव आणि त्याच्या टोकनचं नाव वेगळं ठेवता येतं, ठेवा. सीनचंही (फाउंड्रीत एकेका मॅपला सीन म्हणतात) तसंच, सीनला तुमच्यासाठी एक नाव आणि वरच्या पट्टीत प्लेयर्सना दिसायला नेव्हिगेशन नेम वेगळं देता येतं, नाहीतर "ड्रॅगनची गुहा शेवटची लढाई" हे त्यांना लढाईच्या तीन सेशन आधीच दिसत राहतं. कॉम्बॅट ट्रॅकरमध्ये (लढाईत कोणाची पाळी कधी त्या यादीत) लपलेल्या मॉन्स्टरला टाकलंत तर तिथेही तो लपवलेला आहे ना ते बघा, यादीत एक जास्तीची ओळ दिसली तरी हुशार प्लेयर लगेच सावध होतात.

फाइलची नावं तर विचारूच नका. स्वतःच्या सर्व्हरवरचं चित्र कोणी नवीन टॅबमध्ये उघडलं की अॅड्रेसमध्ये फाइलचं नाव दिसतं, आणि ते "गद्दार प्रधान फायनल" असं असेल तर झालंच. अपलोड करतानाच नावं साधी ठेवा, माणूस एक, माणूस दोन, कंटाळवाणी चालतील.

मॅपवर खोल्यांचे नंबर आणि गुप्त दाराची खूण छापलेली असेल तर फॉग ऑफ वॉर काही कामाचं नाही, फॉग उघडला की खूणही उघडली. छापील अॅडव्हेंचरबरोबर (तयार गोष्टीच्या पुस्तकाबरोबर) बऱ्याचदा प्लेयर्ससाठी खुणा नसलेला वेगळा मॅप येतो, तो वापरा. नसेल तर चित्र एडिटरमध्ये उघडून खुणा पुसा. आणि पीडीएफमधल्या मजकुरावर नुसता काळा चौकोन ठेवून पाठवू नका, खालचा मजकूर तिथेच असतो, सिलेक्ट करून कॉपी केला की येतो बाहेर. पान चित्र म्हणून सेव्ह करा आणि मग द्या.

गूगल डॉक्स वापरणाऱ्यांसाठी खास. तुमच्या जीएम नोट्सच्या डॉक्युमेंटमधून गुपितं डिलीट करून तेच डॉक्युमेंट एडिट परमिशनने शेअर केलंत तर व्हर्जन हिस्टरीत जुनं सगळं शाबूत असतं आणि एडिट करू शकणाऱ्याला ते बघता येतं. नवीन रिकामं डॉक्युमेंट उघडा, फक्त प्लेयर्सचा भाग त्यात पेस्ट करा, ते शेअर करा.

आणि या सगळ्यावर एकच पक्का उपाय, सेशनच्या आधी स्वतः प्लेयर होऊन बघा. रोल ट्वेंटीच्या सेटिंग्जमध्ये री जॉइन अॅज प्लेयर आहे. फाउंड्रीत एक जास्तीचा टेस्ट युजर बनवा, त्याला बाकीच्यांसारख्याच परवानग्या द्या, आणि दुसऱ्या ब्राउझरमधून किंवा प्रायव्हेट विंडोमधून लॉगिन करा. जर्नल उघडा, मॅप बघा, टोकनवर माउस न्या. पाच मिनिटांचं काम आहे, करा.

लिहायचं किती

स्क्रीनवर न स्क्रोल करता बसेल एवढं. याच्या वर गेलं की सेशनमध्ये कोणी वाचत नाही, वाचल्यासारखं करतात. पत्र असेल तर पत्राच्याच भाषेत लिहा, कोणी लिहिलं, घाईत लिहिलं का, अर्धं फाटलंय का, पण त्यात कामाची गोष्ट एक किंवा दोनच ठेवा आणि ती नावं ठळक असू द्या. वंशावळ वगैरे द्यायचीच असेल तर ज्याने तसं कॅरेक्टर घेतलंय, राजघराण्यातला सरदार वगैरे, त्याला द्या. तो नक्की वाचेल कारण ती त्याची आहे.

सुरुवातीला सगळ्यांना द्यायचं ते एक पान: आपण कुठे आहोत, इथे सध्या कशाची भीती आहे, कोणाची सत्ता आहे, कॅरेक्टर बनवताना काय चालेल आणि काय नाही. बाकीचं जग खेळता खेळता येऊ द्या.

हस्ताक्षरासारखे फॉन्ट वापरताना जरा जपून. दिसायला भारी दिसतं पण फोनवर किंवा छोट्या लॅपटॉपवर वाचता येत नाही, आणि देवनागरीत तर जोडाक्षरं फुटतात असेही फॉन्ट आहेत. चित्र म्हणून पत्र दाखवा आणि त्याच हँडआउटमध्ये खाली साधा मजकूरही टाका, म्हणजे सर्चमध्येही सापडेल.

सेशन झाल्यावर

प्रत्येक सेशननंतर आठ दहा ओळींचा गोषवारा एका ठरलेल्या जागी हवा. कोण भेटलं, काय ठरलं, कोणाचं काय देणं लागतो. हा जीएमने लिहायलाच हवा असं अजिबात नाही, उलट प्लेयरने लिहिलेला बरा, कारण त्यातून तुम्हाला कळतं त्यांना काय समजलंय आणि काय भलतंच समजलंय. ते म्हातारा रखवालदार निर्दोष आहे असं लिहितायत तर लिहू द्या, तिथे जाऊन दुरुस्ती करू नका. फक्त त्यांच्या कॅरेक्टरला पक्कं माहीत असलेली गोष्ट चुकली असेल, नाव किंवा तारीख वगैरे, तर सांगा. रोल ट्वेंटीत यासाठी एक हँडआउट सगळ्यांना एडिट करता येईल असं ठेवा, फाउंड्रीत एक वेगळं जर्नल ज्यात एकही सीक्रेट नाही आणि ज्याची ओनरशिप सगळ्यांकडे. डिस्कॉर्डवर ग्रुप असेल तर गोषवाऱ्याचं चॅनेल वेगळं आणि गप्पांचं वेगळं, एकत्र ठेवलंत तर दोन दिवसात मीम्सखाली गाडलं जातं.

मोठ्या कॅम्पेनला, जिथे माणसंच शंभरावर जातात, तिथे कांका किंवा वर्ल्ड अॅन्व्हिलसारखी विकीवाली सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. कांकात एखादी एन्ट्री प्रायव्हेट केली की ती फक्त अॅडमिनला दिसते आणि बाकीच्यांना रोलप्रमाणे परवानग्या देता येतात, वर्ल्ड अॅन्व्हिलमध्ये लेखात सीक्रेट घालून ते ठरावीक ग्रुपलाच दाखवता येतं. पण एक सांगू का, सहा सेशनच्या छोट्या कॅम्पेनला हे सगळं उभं करत बसू नका. लिहिण्यातच सगळी हौस फिटते आणि खेळ राहतो बाजूला. आणि माहिती दोन ठिकाणी ठेवायची असेल तर खरी कॉपी कुठली ते आधीच ठरवा, नाहीतर एका जागी राणी मेलेली आणि दुसऱ्या जागी तिचं लग्न चालू.

जुनी झालेली हँडआउट्स महिन्या दीड महिन्यातून एकदा आवरा. डिलीट नका करू, रोल ट्वेंटीत आर्काइव्ह करता येतात, फाउंड्रीत "जुनं" नावाचा फोल्डर करून त्यात ढकला. चालू असलेल्या गोष्टींची यादी वर राहिली पाहिजे, उघडल्या उघडल्या दिसेल अशी.

एवढं करूनही कधीतरी चुकीचं पान उघडणारच, भर सेशनमध्ये, सगळ्यांसमोर. तेव्हा घाईघाईत बंद करून "तुम्ही काही बघितलं नाही हं" म्हणण्यात अर्थ नसतो, बघितलेलं असतं. छोटी गोष्ट असेल तर सरळ त्यांच्या कॅरेक्टरला कळली असं धरा, कोणीतरी कुजबुजताना ऐकलं, चिठ्ठी सापडली, काहीही. मोठी असेल तर पाच मिनिटं ब्रेक घ्या आणि ती गोष्टच बदला, दीपस्तंभाचा रखवालदार गुन्हेगार नाही, कोणीतरी त्याला अडकवतंय. हे त्यांना सांगायचं नाही अर्थात. त्यांनी जे पान बघितलं ते खोटं होतं हे त्यांना दोन सेशननी आपोआप कळेल.